आधी आवाज सांगा : थंडीत अडून बसणाऱ्या गाड्या

डिसेंबर लागला की येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच वाक्य असतं, ‘सकाळी गाडी चालू होत नाही.’ एवढ्यावरून मला काहीच कळत नाही. किल्ली फिरवल्यावर आवाज काय आला ते लिहा. भराभर टक-टक, नुसतं एक ‘टक’, कण्हत फिरणारा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर), की सेल्फ जोरात फिरूनही न धरणारं इंजिन? चारही दुखणी वेगळी. या वेळी ज्यांनी आवाज लिहिलाय, त्यांना आधी घेतो.

प्रश्न : पेट्रोल गाडी, सहा वर्षं जुनी. पहाटे द्राक्षबागेवर जायला निघालो की बोनेटमधून टक-टक-टक येतं आणि बस्स. दुपारी तीच गाडी एका झटक्यात सुरू. फिटर म्हणतो, सेल्फ बदला. (निफाड)

थांबा, सेल्फला हात लावू नका. भराभर टक-टक म्हणजे सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेवरचा स्विच) ओढू पाहतोय, पण करंट पुरत नाही म्हणून सोडतोय, पुन्हा ओढतोय. तुमच्याकडे पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो, तेव्हा बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यानं इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. देणारा अशक्त आणि मागणारा हावरा! दुपारी दोघंही ताळ्यावर येतात.

उद्या पहाटे हेडलाइट लावून समोरच्या भिंतीकडे बघत किल्ली फिरवा. उजेड लालसर होऊन मिणमिणला तर बॅटरी किंवा टर्मिनल (बॅटरीच्या खुंट्यावर बसणारं वायरचं टोक). उजेड लख्ख राहिला आणि नुसतं एक ‘टक’ झालं, तर सेल्फवर संशय घ्या.

मग टर्मिनल हातानं पिळून पाहा. जरासंही फिरलं तर ढिलं आहे. पांढरी-हिरवट पूड साचली असेल तर काळी वायर आधी सोडा (लावताना ती शेवटी), कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. बाहेरच्या चकाकीवर जाऊ नका. बऱ्याच वर्षांपूर्वी मीच एका गिऱ्हाइकाचा सेल्फ खोलून कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) बदलले आणि दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा दारात उभी. टर्मिनल वरून नव्यासारखं, पण आत, खुंट्याला टेकतं तिथं, काळंकुट्ट. पॉलिश पेपरनं दोन मिनिटांचं काम निघालं. पैसे परत करावे लागले, ते वेगळंच.

एक साधा मल्टिमीटर घेऊन ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीचे दिवस भरले. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. ते दिसत नसेल तर आधी बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो बघा, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

प्रश्न : उन्हाळाभर कुरकुर नाही, थंडी येताच बॅटरी गेली. थंडी इतकी वाईट? (नागपूर)

गुन्हेगार उन्हाळा आहे. ४५ अंशांच्या आसपास बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेटा लवकर गंजतात. मार मे महिन्यातला, कळ डिसेंबरात. तीन वर्षं झाली असतील तर दिवाळीनंतर एकदा तपासून घ्या.

प्रश्न : जुनी डिझेल जीप. सेल्फ झकास फिरतो, पण इंजिन धरत नाही. मागून पांढरा धूर येतो. (महाबळेश्वर)

धुराचं लिहिलंत, अर्धं काम केलंत. पांढरा, डिझेलचा वास मारणारा धूर म्हणजे डिझेल आत पोचतंय, पेटत नाहीये. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. गार इंजिनात ती उष्णता कमी पडते, म्हणून हीटर प्लग असतात. डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबता का? नसाल तर तिथूनच सुरुवात करा. थांबूनही धरत नसेल तर प्रत्येक प्लगची वायर सोडा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं प्लगच्या टोकाला लावा. दिवा पेटला नाही तो प्लग मेला. एक गेला असेल तर बाकीचेही म्हातारेच असतात, चारही बदला. सगळे ठीक निघाले तर त्यांना करंट जोडणारा रिले पाहा.

धूरच येत नसेल तर मात्र डिझेल पोचत नाहीये; फिल्टर चोंदलाय किंवा पाइपात हवा शिरलीय. आणि कुणी ईथरचा स्प्रे मारायला सांगितलं तर ऐकू नका. तापलेला प्लग आणि ईथर एकत्र आले तर भडका आत होतो आणि इंजिन फुटतं.

प्रश्न : जानेवारीत डिझेल गाडीनं स्पितीला निघालोय. डिझेलमध्ये रॉकेल टाकू का? (पुणे)

नको. जुन्या ट्रकवाल्यांचं ते औषध जुन्या पंपांना चालून जायचं. आजच्या कॉमन रेल (सामाईक नळीतून जोरदार दाबानं डिझेल देणाऱ्या) गाड्यांत पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. पातळ रॉकेलनं पंप आणि इंजेक्टर घासले जातात. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण साखळतं आणि फिल्टर बंद करतं, ही अडचण खरीच आहे. म्हणूनच इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. तुम्ही आपल्याकडचं डिझेल वाटेतच संपवा आणि वर चढण्याआधी तिकडच्या पंपावर टाकी भरा. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर आजच काढा. ते गोठून फुगलं तर इंजिनचा ब्लॉक तडकतो. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी.

प्रश्न : इथं उणे २५. बॅटरी पार उतरली, शेजारी त्यांच्या गाडीच्या बॅटरीवरून जंप द्यायला तयार आहेत. (विनिपेग, कॅनडा)

आधी बॅटरीची कूस बघा. उतरलेली बॅटरी गोठते. फुगलेली दिसली तर जंप देऊ नका, ती फुटू शकते. ठीक असेल तर लाल वायर आधी तुमच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला, काळी त्यांच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीवर लावू नका. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी या शेवटच्या जोडणीलाच पडते. तुमच्याकडे ब्लॉक हीटर (उभ्या गाडीचं इंजिन गरम ठेवणारा विजेवरचा हीटर) असेलच, निघण्याआधी तीन-चार तास लावत जा.

प्रश्न : बाबा म्हणतात, सेल्फ मारण्याआधी दोनदा एक्सलेटर दाब. खरं का? (नाशिक)

बाबांच्या कार्ब्युरेटरच्या गाडीला खरं होतं. तुमच्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. अपवाद एकच. सेल्फ मारून मारून स्पार्क प्लग पेट्रोलनं भिजले असतील तर एक्सलेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा; बऱ्याच गाड्यांत तेव्हा पेट्रोल बंद होऊन नुसती हवा आत जाते. पाच-सहा सेकंद मारायचा, मग अर्धा मिनिट सेल्फला निवू द्यायचं.