परत नेऊन दे

प्रिय बाय,

मोरजीच्या किनाऱ्यावर तू रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, फोटो काढलेस आणि रापणकाराने तुला झापलं हे ऐकून मला हसू आलं. "काडून सगळे व्हरतात, हाडून कोण दिना," काढून सगळे नेतात, आणून कोणी देत नाही, हे तो तुला बोलला, पण ते मलाच लागायला हवं होतं.

त्याने मागितलेले शंभर रुपये द्यावेत, की पुढच्या वेळी लांबून टेलीलेन्सने फोटो काढावेत, असं तू विचारतेस. दोन्ही नको. प्रिंट काढ आणि नेऊन दे. रापणीत दोराला हात लावणाऱ्याला वाटा असतो, पोरंटोरंसुद्धा मूठभर तारले घेऊन घरी जातात. तू तासभर उभी राहून त्यांची तोंडं घेऊन आलीस. त्यांचा वाटा कुठाय? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते म्हणशील, तर तो वाटा नव्हे. भिंतीवर लावता येईल असं काहीतरी हातात दे.

१९९४च्या एप्रिलात मी आगरवाड्याच्या मिठागरात होतो. भर दुपार, पांढरं मीठ, आणि बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन चाललेली एक म्हातारी. उजेड मोजायचा मीटर मिठावर धरला. मीठ मीटरला फसवतं, दीड स्टॉप तरी उघडावं लागतं, म्हणजे जास्त उजेड आत घ्यावा लागतो, हे मला ठाऊक होतं. पण मी उघडलं नाही. बाई काळी छाया झाली, बांधाची रेघ चाकूसारखी आली. पणजीतल्या प्रदर्शनात लोक त्या फोटोपुढे थांबायचे.

प्रिंट मी तिला दिली नाही. तेव्हा पैसे नव्हते, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. अगो, पुढच्या रोलला बरे होते पैसे! दर हंगामात लग्नांची कामं करत होतो, डार्करूम घरचीच होती. आगरवाडा दूर म्हणावा, तर तसाही नाही.

सात वर्षांनी तिचा मुलगा दारात आला. आई गेली होती, घरात तिचा फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा तेवढा भुतासारखा. मी अभिमानाने ती मोठी प्रिंट काढून दिली. त्याने ती उजेडाकडे धरली, तिरकी केली. "हातूंत आवय खंय आसा?" यात आई कुठे आहे?

फोटो म्हणून मी आजही त्या चौकटीची बाजू घेईन. छाया हीसुद्धा एक भाषा आहे, प्रत्येक फोटो पासपोर्टचा नसतो. पण परत नेऊन द्यायचा आहे हे त्या दिवशी डोक्यात असतं, तर मी दुसरा एक क्लिक तिच्या तोंडासाठी केला असता. नाव विचारलं असतं, घर विचारलं असतं. रोलमधल्या छत्तीसातला एकच तर गेला असता. तुझ्या कार्डावर हजारो मावतात, तुला तर ही सबबही नाही.

म्हणून 'माझी शैली कोणती' हा तुझा प्रश्न मी बाजूला ठेवतो. कंटाळा येतो त्याचा. आधी परत नेऊन दे. दहा घरी गेलीस की कुणाला काय दिसतं, काय खुपतं ते कळेल. एखादी बाई म्हणेल, फोटोत माझा हात कापलास. तेव्हा वाद घालू नकोस.

आणखी एक, लेन्सच्या डब्यातली सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली असेल तर पाऊस लागायच्या आत तव्यावर भाजून घे. बुरशीने माझ्या दोन लेन्स खाल्ल्यात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, आणि खवळलेल्या दर्यात रापणही कोण घालत नाही. माणसं घरी जाळी विणत बसलेली असतात. तेव्हाच जा, चहाही मिळेल. सहा बाय आठच्या काढ, आणि मॅट कागदावर. चकचकीत कागद आपल्या दमट हवेत फ्रेमच्या काचेला चिकटतो, मग सोडवताना नेमकं तोंडच सोलून निघतं. पहिल्या दहांचे पैसे माझ्याकडून घेऊन जा.

तुझा,
काका