माश्यांवर संशोधन करून पोट भरतं का?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या (प्राणिशास्त्र) दुसऱ्या वर्षाला आहे. फळमाशीत जनुकं बंद करणाऱ्या प्रथिनांवर संशोधन करायचं म्हणते. एम.एस्सी., बी.एड. करून शिक्षिका व्हावं असं आम्हाला वाटतं. या विषयात काही अर्थ आहे का? – एक पालक, सांगली

उत्तर : अर्थ आहे. ‘बायोटेकमध्ये काहीतरी करायचंय’ असं सांगणारी मुलं मला रोज भेटतात. तुमच्या मुलीला निदान नेमकं काय हवंय ते ठाऊक आहे.

पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं म्हणजे या फळमाश्या. अंडं घातल्यावर तीनेक तासांत भ्रूणात ‘ईव्हन-स्किप्ड’ हे जनुक सात पट्ट्यांत चालू झालेलं दिसतं. त्यातला दुसरा पट्टा घ्या. बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिनं तो चालू करतात, पण ती तर भ्रूणाच्या पुढच्या अर्ध्या भागात पसरलेली असतात. मग पट्टा एवढा अरुंद कसा? पुढून जायंट आणि मागून क्रुपेल ही रिप्रेसर प्रथिनं जनुकाला दाबून धरतात, मधे उरते ती जागा म्हणजे पट्टा. क्रुपेलच्या बसायच्या जागा डीएनएतून घालवल्या, तर पट्टा मागे पसरतो.

गंमत पुढेच आहे. क्रुपेलचा दाब शंभरेक बेसजोड्यांपलीकडे (म्हणजे डीएनएच्या शिडीच्या शंभरेक पायऱ्यांपलीकडे) फारसा पोचत नाही, त्यामुळे डीएनएवर इतरत्र असलेली बाकीच्या पट्ट्यांची यंत्रणा शाबूत राहते. हेअरी हे दुसरं रिप्रेसर मात्र ग्राउचो या प्रथिनाच्या मदतीने लांबूनही जनुक बंद पाडतं. हे नेमकं कसं घडतं, यावर आजही काम चालू आहे. भ्रूणाची घडण ठरवणारी जनुकं माशीतच शोधल्याबद्दल १९९५ साली तिघांना नोबेल मिळालं, ही माहिती नातेवाइकांना सांगायला उपयोगी पडेल.

आता पोटाचं. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली, तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता मिळतो. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात आणि त्यानंतर कायम प्राध्यापकाच्या जागा थोड्या, हे लपवण्यात अर्थ नाही. कंपन्यांना माशीशी देणंघेणं नसतं. त्यांना क्लोनिंग (डीएनएच्या तुकड्यांच्या प्रती बनवणं), मायक्रोस्कोपी आणि डेटा हाताळता येणारी माणसं लागतात. बारावीनंतर गणित सुटलं असेल, तर संख्याशास्त्र आणि पायथन ही संगणकभाषा आत्ताच हाती घ्यायला सांगा. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, त्याची घाई नको.

त्याआधी तिने एक उन्हाळा प्रयोगशाळेत काढावा. पुण्याच्या आयसर आणि मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थांमध्ये फळमाशीवर काम चालतं. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिपही असते. माश्यांच्या बाटल्या बदलण्याचा कंटाळा आला, तर तो दोन महिन्यांतच कळलेला बरा. प्राध्यापकांना ईमेल मात्र तिलाच लिहू द्या, त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला आणि त्यात काय कळलं नाही, एवढं लिहिलं तरी पुरे. वडिलांच्या ईमेलला सहसा उत्तर येत नाही.