तुझ्या खर्ड्यावरची लाल रेघ

सप्रेम नमस्कार.

न्यायालय, सरकार आणि वर्तमानपत्रं यांच्यावरच्या तुझ्या लेखाचा खर्डा काल रात्री वाचला. भाषा चांगली उतरली आहे, पण पहिल्याच पानावर तू सगळ्यांना भूमिका वाटून मोकळा झालास: सरकार खलनायक, न्यायाधीश नायक, पेपरवाले बिचारे. तिथे लाल रेघ मारली आहे. रागावू नकोस.

‘सकाळ’चा खटला घे. पुण्याचा पेपर. पाच दिवस ६ पानं, एक दिवस ४, किंमत ७ नवे पैसे. १९६० च्या सरकारी आदेशाने पानं किमतीला बांधून टाकली. आठवड्याची तीच ३४ पानं द्यायची तर अंक ८ पैशांना विकायचा. ७ च ठेवायचे तर २४ पानांत भागवायचं. हेतू चांगलाच सांगितला होता, बड्या पेपरांनी छोट्यांना गिळू नये म्हणून. पण पातळ होणार होता तो वाचकाच्या हातातला अंक. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश रद्द केला; निकाल न्या. मुधोळकरांनी लिहिला. ही वजाबाकी तुझ्या लेखात कुठेच नाही. ‘मक्तेदारी’ हा शब्द मात्र ११ वेळा आला आहे, मोजला मी.

आता न्यायाधीशांच्या नेमणुका. २४ एप्रिल १९७३ ला संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. लगेच दुसऱ्या दिवशी शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून अजित नाथ राय यांचं नाव सरन्यायाधीश म्हणून जाहीर झालं. तिघांनीही राजीनामे दिले. इथवर तुझं बरोबर. पण त्याआधी सहाच महिने, ऑक्टोबर १९७२ मध्ये, वर्तमानपत्रांवरची १० पानांची मर्यादा उडवणारा बेनेट कोलमन खटल्याचा बहुमताचा निकाल कुणी लिहिला? याच रायांनी! आणि त्याला सहमतीचं वेगळं निकालपत्र जोडणारे न्या. बेग पुढे १९७७ मध्ये, आणीबाणीत सरकारविरुद्ध मत नोंदवणाऱ्या ज्येष्ठ न्या. खन्नांना डावलून, सरन्यायाधीश झाले. (हे कळलं तेव्हा माझाही एक तयार लेख टोपलीत गेला होता.)

डावलण्यातलं वाईट या दोघांच्या स्वभावात शोधू नकोस. रांगेत उभा असलेला पुढचा न्यायाधीश सरकारविरुद्ध निकाल लिहायला बसतो तेव्हा त्याला खन्ना आठवतात, तिथे शोध.

न्यायाधीश नेमण्यासाठीचा नियुक्ती आयोग रद्द करणाऱ्या २०१५ च्या निकालावरही तुझा एकच परिच्छेद आहे, आणि त्यात विरोधी मत देणारे न्या. चेलमेश्वर नाहीत. ४ विरुद्ध १ मधला तो १ वगळून कसं चालेल?

शनिवारी ये. ‘सकाळ’च्या निकालाची झेरॉक्स काढून ठेवतो. ‘मक्तेदारी’ दोनदा चालेल.