जाळ्यातले फुकटे

प्रश्न : परसातल्या थोरल्या कोळ्याच्या जाळ्यात लालसर, चंदेरी ठिपक्यांचे बारीक कोळी फिरतात. त्याची पिल्लं का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : छे हो, पिल्लं कसली! आणि तो थोरला 'तो' नव्हे, नेफिला नावाच्या कोळ्याची मादी. वर्णनावरून हे बारके अर्जायरोडीस फ्लेव्हेसेन्स या वेगळ्याच जातीचे कोळी वाटतात. १८८० साली नाव मिळालं, तरी आपल्याकडे यांना विचारतो कोण! लांबी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. मालकीण ढुंकूनही बघत नाही ती अडकलेली चिलटं हे लंपास करतात. कधी तिने गुंडाळून ठेवलेलं भक्ष्यसुद्धा. तिच्या जाळ्याला स्वतःचे धागे जोडून ठेवतात, म्हणजे थरथर झाली की लगेच कळतं. त्यांच्यात एखादा बिनठिपक्यांचा तांबूस दिसला, तर तो बहुधा बाईंचा नवरा. नेफिलाचे नर असेच चिमुकले.