मिस्ट्री स्नेलची अंडी पाण्यात टाकू नका

माशांच्या टाकीच्या काचेवर, पाण्याच्या वर चिकटलेला तो गुलाबी घोस म्हणजे तुमच्या मिस्ट्री स्नेलची, म्हणजे टाकीत पाळतात त्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीची, अंडी. ती चुकून पाण्याबाहेर राहिली आहेत असं समजून खाली ढकलू नका. बुडली की आतली पिल्लं गुदमरतात. मी पहिला घोस असाच घालवला.

पहिला दिवस हात लावू नका, कवच मऊ असतं. मग ओल्या बोटाने हळूच डावी-उजवी हलवत सोडवा. झाकणाच्या डब्यात ओला, पिळलेला टिश्यू अंथरून त्यावर घोस ठेवा आणि डबा टाकीतच तरंगत सोडा, म्हणजे ऊब आपोआप मिळते. टिश्यू ओलसर हवा, चिंब नको. रोज एकदा झाकण उघडून वारं द्या. २५-२६ अंशाला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. शेवटी घोस बुरशी आल्यासारखा मळकट दिसतो. तेव्हाच घाबरून फेकून देणारे बरेच भेटतात.

पिल्लं निघाली की समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा आणि उकडलेली दुधी किंवा पालक द्या. कॅल्शियम कमी पडलं तर शंख पातळ होतो. माशांच्या औषधात तांबं नाही ना, हे बाटलीवर वाचाच, गोगलगायींना ते विषच.

आणि हो, एका घोसातून शंभरावर पिल्लं निघू शकतात. जागा नसेल तर अंडी ताजी असतानाच फ्रीझरमध्ये टाका. जास्तीची ओढ्यात किंवा तळ्यात मात्र कधीच सोडू नका.