तनाग्राची मूर्ती घेण्याआधी

तनाग्राची, म्हणजे उभ्या ग्रीक स्त्रीची मातीची मूर्ती घ्यायची आहे ना? मग चेहऱ्यावर भुलू नका, आधी पाठ बघा. इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या या मूर्ती साच्यातून काढलेल्या. पुढची बाजू नाजूक, पाठ बहुधा साधी, आणि तिथे भाजताना वाफ निघून जावी म्हणून ठेवलेलं भोक. डोकं अनेकदा वेगळ्या साच्यातलं असतं, त्यामुळे मानेचा सांधा नीट तपासा.

रंगाच्या बाबतीत फार सावध राहा. भाजण्यापूर्वी मूर्तीवर पांढऱ्या मातीचा लेप देत. निळा, गुलाबी रंग भाजल्यानंतर चढे, म्हणून तो सहज झडतो. वस्त्राच्या चुण्यांत उरलेले ठिपके मला भरवशाचे वाटतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या निळ्या वस्त्रातल्या स्त्रीच्या मूर्तीवर रंग आणि सोनेरी काठही टिकलेत, पण ते भाग्य विरळाच.

‘जुन्या युरोपीय संग्रहातली’ एवढ्यावर विसंबू नका. 1870 च्या सुमारास ग्रीसच्या बिओशिया प्रांतातल्या तनाग्रा गावाजवळच्या कबरी उकरल्या गेल्या, युरोपात या मूर्तींचं वेड पसरलं आणि त्याच शतकात नकलांचा सुळसुळाट झाला. म्हणजे नक्कलही शंभर वर्षांहून जुनी असू शकते! थर्मोल्युमिनेसन्स चाचणीतून माती साधारण कधी भाजली ते कळतं. मात्र खऱ्या तुकड्यांना नवे अवयव जोडलेले असतील, तर एकाच जागचा नमुना पुरत नाही.

आणि 1970 च्या (त्या वर्षी प्राचीन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार झाला) आधीपासूनची मालकीची कागदपत्रं नसतील, तर कितीही मोह झाला तरी घेऊ नका. चोरट्या खोदकामात कबरीची सगळी माहिती कायमची पुसली जाते.