नळयोजना आणि शौचालये असूनही पावसाळ्यात जुलाबाची साथ का येते?

गावात नळयोजना पूर्ण झाली, घरोघरी शौचालये बांधली गेली, तरीही दर पावसाळ्यात जुलाबाची साथ का येते आणि ग्रामपंचायतीने नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामात मला दिसले ते असे की, विहिरीचे आणि टाकीचे पाणी चांगले असतानाही दोष बहुधा टाकीपासून शेवटच्या नळापर्यंतच्या वाटेवर असतो.

पाणी दिवसातून तासभर सोडले जाते आणि उरलेला वेळ नळवाहिनीत दाब नसतो. गळतीची जागा गटाराजवळ असेल, तर त्या वेळात सांडपाणी त्याच भोकातून आत झिरपते आणि पुढच्या खेपेला घराघरांत पोहोचते. पाणी जास्त मिळावे म्हणून नळ खड्ड्यात उतरवणे, नळाला थेट मोटर जोडणे, तोट्या न बसवणे, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचू देणे, या सवयींनी हा धोका कितीतरी वाढतो. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले, त्याचे मोल मला सोयीपेक्षा आरोग्यासाठी अधिक वाटते, कारण दाबाखालच्या वाहिनीत बाहेरची घाण शिरत नाही. हे प्रत्येक गावाला लगेच जमणार नाही. परंतु गटारातून गेलेल्या जोडण्या बाहेर काढणे आणि खड्ड्यातले नळ वर उचलणे या पावसाळ्याआधीही होऊ शकते. शहरेही यातून सुटलेली नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हाही संशय दूषित पाण्यावरच होता.

दुसरी बाब टीसीएलची, म्हणजे पाणी निर्जंतुक करण्याच्या ब्लीचिंग पावडरची. साधारण हिशेब १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला पाव किलो, असा धरतात. मात्र पोते उघडे किंवा ओलसर जागी राहिले की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि केवळ चुना उरतो. पावडर बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि निदान अर्ध्या तासाने पाणी सोडावे. खरी परीक्षा टाकीपाशी न घेता शेवटच्या घराच्या नळावर घ्यावी. तेथे दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असला पाहिजे. ओटी चाचणीत, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन पाहण्याच्या चाचणीत, रंग पिवळा आला नाही, तर टीसीएल कमी पडले आहे किंवा वाटेत घाण मिसळते आहे, असे समजावे.

शौचालयांबाबत पाहायचे ते सांडपाणी जाते कोठे. सेप्टिक टाकीचा पाइप उघड्या गटारात सोडला असेल, तर मैला घराबाहेर गेला तरी गावातच राहिला. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय मला खेड्यासाठी अधिक योग्य वाटते, कारण एक खड्डा भरल्यावर दुसरा वापरता येतो आणि पहिल्यातल्या मैल्याचे काळाने खत होते. विहिरीपासून मी १५ मीटर अंतर धरतो, पण आपल्याकडचा काळा पाषाण भेगाळ असेल तेथे तेवढेही अपुरे ठरते.

पाण्यात विरघळलेले नायट्रेट आणि फ्लोराइड हे क्षार मात्र टीसीएलने किंवा पाणी उकळूनही जात नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणी आणि गरज पडल्यास दुसरा स्रोत, हाच मार्ग आहे. जलसुरक्षकाने, म्हणजे गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याने, शेवटच्या नळावरच्या ओटी चाचणीची नोंद रोज वहीत करावी आणि ती वही ग्रामसभेपुढे ठेवावी, एवढा ठराव आपण येत्या ग्रामसभेत मांडावा.